रेंजचा कातळ

आमच्या वाडीत मोबाइलची रेंज एकाच ठिकाणी येते. वाडी वाघोटनच्या खाडीला बिलगून खाली बसलेली आहे. तीन बाजूंनी डोंगर, चौथ्या बाजूला पाणी; घरांवर माड, माडांखाली पोफळी, पोफळींखाली केळी आणि या सगळ्यांच्या तळाशी आम्ही. एवढा डोंगर ओलांडून आणि एवढ्या ओल्या पानांतून गाळून कोणतीही लहर आमच्या ओटीपर्यंत पोहोचेतो तिच्यात जीव उरत नाही. मात्र सड्याकडे चढणाऱ्या पाखाडीच्या टोकाला, जुन्या फणसाच्या पलीकडे, दोन बैलगाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढा जांभ्याचा सपाट कातळ आहे, आणि त्यावर समुद्राकडे तोंड करून उभे राहिले की फोनच्या कोपऱ्यात तीन दांड्या उमटतात. पूर्वी या कातळावर आमसुले वाळत घालीत. आता माणसे वाळतात.

बाकीच्या जगात माणसे फोनवरून ज्यांच्याशी भांडतात त्यांचे तोंडही त्यांनी कधी पाहिलेले नसते, असे ऐकतो. आमच्याकडे ती चैन नाही. वाडीच्या ग्रुपवर ‘ज्यांना अर्थशास्त्राचा गंध नाही त्यांनी मते पाजळू नयेत’ असे कोणी लिहिले, तर लिहिणारा आणि ज्याच्यासाठी लिहिले तो, असे दोघेही त्याच कातळावर हातभर अंतराने उभे असतात, कारण दुसरीकडे उभे राहून भांडण होण्याची सोयच नाही. लिहिणारा शेजाऱ्याला म्हणतो, “जरा बाजूक सर, माझो मेसेज जायना.” शेजारी सरतो. मेसेज जातो. मग शेजाऱ्याच्या फोनची घंटी वाजते, तो खिशातून चष्मा काढतो, वाचतो आणि संतापतो. संतापल्यावरही तो तोंडाने काही बोलत नाही. खाली मान घालून टंकू लागतो. तोंडी भांडण केले तर ते ग्रुपवर राहत नाही आणि मुंबईच्या चाकरमान्यांना दिसत नाही, हे त्यामागचे कारण आहे.

मी या कातळावर जातो तो मुंबईतल्या मुलीला ‘जेवलो’ एवढा एक शब्द कळवायला. जाऊन येऊन वीस मिनिटांचे काम आहे. गेल्या तीन वर्षांत मी ते दोन तासांच्या आत पुरे केल्याचे मला आठवत नाही.

दोष काही अंशी माझा आहे. टपाल खात्यात माझी सारी नोकरी झाली, आणि चुकीचा पत्ता दिसला की तो खोडून बरोबर लिहिल्याशिवाय हात पुढे जात नसे. ती सवय निवृत्तीबरोबर जमा करून घ्यायला खात्याने कोणताही नमुना ठेवलेला नाही. शिवाय भांडणाचा जो वेग मी पाहिला होता तो वेगळाच होता. भाऊबंदकीचे पत्र गावातून मुंबईला जाऊन त्याचे उत्तर येईपर्यंत इकडे भात कापून झालेले असे आणि ज्या बांधावरून पत्र लिहिले तो बांध पावसाने आपल्या मनाने हलवलेला असे. एखादा मनुष्य रात्री रागाच्या भरात पत्र डब्यात टाकी आणि सकाळी ते परत मागायला येई. टपालाच्या नियमांत टाकलेले पत्र परत मागवण्याची तरतूद होती. पण त्यासाठी अर्ज, शुल्क आणि पत्र आपलेच असल्याची खात्री पटवून देणे, एवढे सोपस्कार लागत. अर्जात कारण लिहिताना बहुतेक जण शरमत, आणि माझ्यासमोर बसून एक चहा पिऊन जात. हल्ली ‘सगळ्यांसाठी डिलीट करा’ असे एक बटण आले आहे. ते दाबले की मेसेज पुसला जातो, पण तो पुसल्याची नोंद मागे उरते, आणि मग जे कोणी वाचलेच नव्हते त्यावरही वाद सुरू होतो.

पैशांच्या वादांना तोंड फुटते ते चुलत वहिनींच्या दुकानापासून. वाडीच्या वेशीवर त्यांचे कोकम, आंबापोळी, कुळथाचे पीठ यांचे लहानसे दुकान आहे आणि विजयदुर्ग पाहायला निघालेले पर्यटक तेथे थांबतात. पुण्याच्या पुतण्याने त्यांना मोठ्या हौसेने क्यूआर कोडाची पाटी लावून दिली. दुकानात रेंज नाही, हे त्याच्या ध्यानात आले ते पाटी ठोकून झाल्यावर. तेव्हा आता साठ रुपयांच्या कोकमासाठी गिऱ्हाईक पाटीचा फोटो काढून पाखाडी चढते, कातळावर पैसे पाठवते, धापा टाकत उतरते आणि वहिनींना पडदा दाखवते. उतरेपर्यंत त्याला एवढी तहान लागलेली असते की ते वीस रुपयांचे सरबत मागते. ते पिऊन झाल्यावर त्याचे पैसे द्यायला पुन्हा वर जाते. वहिनींचा धंदा वाढला, याचे श्रेय पुतण्या डिजिटल व्यवहाराला देतो. मी ते चढणीला देतो. त्यांच्या दुकानात पैसे मिळाल्याची हाळी देणारी एक डबीही आहे; दिवसभर ती मौन पाळते, आणि एकदा पहाटे तीनच्या सुमारास कुठून तरी रेंजचा झोत आला तेव्हा तिने अंधारात सलग चौदा वेळा रक्कम प्राप्त झाल्याचे ठणकावून सांगितले. वहिनींनी देवापुढे दिवा लावला.

पुतण्याचे म्हणणे असे की हे सारे फुकट आहे. माझ्यासमोर असे म्हणायला नको होते. ज्या खात्यात वीस रुपयांच्या मनीऑर्डरीला एक रुपया कमिशन घेऊन आम्ही आख्ख्या कोकणाची चूल पेटती ठेवली, त्या खात्याचा माणूस ‘फुकट’ हा शब्द ऐकून गप्प कसा राहील? यूपीआय २०१६ मध्ये आले आणि जानेवारी २०२० पासून त्यावर दुकानदाराकडून काही शुल्क घ्यायचे नाही असे सरकारने ठरवले, हे मला मान्य आहे. पण यंत्रे, वीज, माणसे यांचा खर्च बँकांना करावा लागतोच, तो कोणीतरी भरतो, आणि सरकार त्यासाठी बँकांना प्रोत्साहन म्हणून पैसे देते तेव्हा तेही आपल्याच करांतून जातात, असे मी त्याला समजावून सांगितले. तो म्हणाला, “काका, तुमचा पाच टक्क्यांचा जमाना गेला.” मी म्हणालो की आमचा पोस्टमन ते पाच टक्के घेऊन पैसे घरपोच देत होता, पाखाडी चढायला लावीत नव्हता. यावर तो काही टंकू लागला. एक म्हातारे तांडेल शेजारी विडी ओढत बसले होते. त्यांनी दोघांचेही ऐकून घेतले आणि म्हणाले, “फुकट खंय? वर चढूक पेज लागता.”

या तांडेलांपाशी फोन नाही. ते कातळावर येतात ते केवळ माणसे पाहायला. त्यांचे आणि पुतण्याचे वैर भरतीच्या वेळेवरून आहे. पुतण्याच्या फोनात भरती-ओहोटीचे एक ॲप आहे, आणि तांडेलांपाशी तिथी आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब: अष्टमीला सहा, पंचमीला पावणेचार. त्या दिवशी पंचमी होती, पुतण्याला मित्रांना घेऊन होडीतून खाडीत फिरायला जायचे होते, आणि ॲप चार वाजून दोन मिनिटे असे सांगत होते. सतरा मिनिटांचा फरक. एकाने उपग्रहांची आणि दुसऱ्याने आपल्या आजोबांची साक्ष काढली.

येथे मी गप्प राहिलो असतो तर दोघेही आपापल्या वेळेला खाली गेले असते. पण मला हिशेब दिसत होता, आणि दिसलेला हिशेब मला सोडवत नाही. मी फणसाच्या पानावर काडीने आकडे मांडून दाखवले, की पंधरा तिथ्यांत भरती बारा तास सरकते, म्हणजे तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटे. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. सोपे व्हावे म्हणून पूर्वजांनी दर तिथीला तीन मिनिटे सोडून दिली, आणि पाच तिथ्यांची पंधरा मिनिटे झाली. तेव्हा तांडेलांची रीत चुकीची नाही, केवळ ढोबळ आहे, आणि ॲपही बरोबर आहे. दोघांनाही बरोबर ठरवल्याबद्दल दोघेही माझ्यावर चिडले. तांडेल म्हणाले, “तीन मिनटांत मासो खंय जाता?” पुतण्याने विचारले, की पंधरा मिनिटांचे कळले, पण उरलेली दोन मिनिटे कोणाची? त्या दोन मिनिटांवर आम्ही वारा, खाडीचे तोंड, गाळ आणि सरकार असे सगळे विषय घेतले. आम्ही खाली उतरलो तेव्हा भरती येऊन गेली होती, ओहोटी चांगलीच ओढली होती आणि होडी चिखलात एका कुशीवर निजली होती.

आंब्याच्या दिवसांत कातळावर पाय ठेवायला जागा नसते. दलाल बागायतदाराला लुटतो, तेव्हा त्याला मधून काढून टाकावे, हे पुतण्याचे अर्थशास्त्र. मे महिन्यात सगळ्यांचा आंबा एकदम उतरतो म्हणून भाव पडतो, त्याला दलाल तरी काय करील, हे माझे. त्याने माझे न ऐकता आमच्या वीस कलमांचा आंबा ऑनलाइन विकायला काढला, आणि तो पुण्याला परत गेल्यावर तक्रारींना उत्तरे देण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. पहिल्या ग्राहकाने लिहिले, की आंबे हिरवे आणि दगडासारखे आहेत, फसवणूक झाली. त्यांना मी अढी म्हणजे काय, गवत कसे पसरावे आणि आठ-दहा दिवस धीर का धरावा, हे दीड पानात कळवले. दुसऱ्या एका ग्राहकाने पाच डझन आंबे खाऊन झाल्यावर कोयींचा फोटो पाठवला आणि सगळे पैसे परत मागितले, कारण दोन आंब्यांत साका होता, म्हणजे आतला गर खराब निघाला होता. साका बाहेरून दिसत नाही; आंबा कापल्याखेरीज तो देवालाही कळत नाही, हेच त्याचे वैशिष्ट्य. त्या गृहस्थांनी आम्हाला एक तारा दिला. मी जन्मभर तारा वाटल्या, २०१३ साली तारसेवा बंद झाली तेव्हा हळहळलो, पण एवढी वाईट बातमी आणणारी तार माझ्या हातून क्वचितच गेली असेल. दलाल भाव पाडीत असेल. तारे देत नाही.

त्याच जाहिरातीखाली कोणीतरी रत्नागिरीचा हापूस देवगडपेक्षा सरस असल्याचे सहज लिहून ठेवले. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाबरोबर रायगड, ठाणे, पालघर हेही जिल्हे आहेत, एवढेच मी नम्रपणे निदर्शनास आणले. दोन जिल्हे आपापसांत भांडत होते. माझ्या नम्रतेमुळे पाच भांडू लागले.

टॉवरचा वाद मात्र लवकर आटोपला, कारण त्यात तर्काला फारसा वाव नव्हता. गेल्या वर्षी दोन माणसे येऊन सड्यावर टॉवरसाठी जागा मोजून गेली, आणि त्याच मोसमात मोहोरावर तुडतुडा पडला. टॉवरच्या किरणांनी मोहोर जळाला, असे ग्रुपवर आले. टॉवर अजून उभाच राहिलेला नाही, ही हरकत मी घेतली. त्यावर ‘नुसत्या मोजणीने हे झाले, उभा राहिल्यावर काय होईल’ असा प्रतिप्रश्न आला. मोबाइलच्या लहरींत रेणूंतले बंध तोडण्याइतकी ताकद नसते, ती साधारण अतिनील किरणांपासून सुरू होते, आणि ते किरण उन्हात असतात, म्हणजे टॉवरपेक्षा डोक्यावरचे ऊन अधिक घातक, असे मी सांगितले, तेव्हा एक आत्या पदर डोक्यावर घेत म्हणाल्या, “मग तू आमका ह्या उन्हात उभे कित्याक ठेवलंस?” हा मुद्दा बिनतोड होता. विशेष म्हणजे टॉवर नको, अशा सह्यांचे आवाहन सगळ्यांपर्यंत पोहोचले ते कातळावरच्या तीन दांड्यांच्या जोरावर, आणि त्या दांड्या खाडीपलीकडच्या टॉवरवरून येतात.

आता हेलियमकडे वळले पाहिजे.

विजयदुर्ग आमच्या वाडीपासून खाडीच्या तोंडाशी आहे. किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे आहेत, आणि सूर्यावरच्या हेलियम वायूचा शोध १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात या ओट्यांवरून लागला, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तो दिवस किल्ल्यावर हेलियम दिन म्हणून पाळतातही. गेल्या ऑगस्टात ग्रुपवर तोच मजकूर ‘नासाने मान्य केले’ अशा शेपटासह आला. पहिले वाक्य मी सोडून दिले असते. नासाने मला उठवले.

दोन दिवस खपून मी जे लिहिले ते थोडक्यात असे. १८६८ च्या ग्रहणाच्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते आणि सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटातील तेजस्वी रेषा ग्रहणाशिवायही पाहता येतील, हे त्यांना तेथे उमगले. इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉक्यर तेव्हा भारतात आलेच नव्हते. त्यांनी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये बसून, ग्रहण नसताना, त्याच ज्वाळा पाहिल्या, आणि त्यातली पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याही ठाऊक पदार्थाची नाही, असे पुढे त्यांनी ठरवले. सूर्याच्या ग्रीक नावावरून पदार्थाचे नाव हेलियम पडले. पृथ्वीवर तो विल्यम रॅमझे यांच्या हाती लागला १८९५ मध्ये. आणि लॉक्यर साहेब विजयदुर्गावर आले, हे अगदी खरे आहे, ओटेही खरे आहेत. पण ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आरमाराच्या जहाजावरचे खलाशी मदतीला घेऊन. तेव्हा हेलियमचा जन्म होऊन त्याचे बारसेही आटोपले होते.

यात मला सर्वांत भावलेली गोष्ट मी शेवटी ठेवली होती. जान्सेनचे भारतातून निघालेले पत्र आणि लॉक्यरचे इंग्लंडहून निघालेले पत्र, ही दोन्ही पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोहोचली. म्हणून अग्रक्रमाचे भांडण झाले नाही. उलट दोघांचे चेहरे असलेले पदक फ्रान्सने पाडले. महिना-सव्वा महिना समुद्र तुडवून आलेले एक पत्र आणि इंग्लिश खाडीपलीकडून आलेले दुसरे, दोन्ही एकाच टेबलावर! या शोधात जे काही माझ्या मते दैवी आहे ते टपालाचे आहे, असे मी लिहिले.

ते मी पाठवले तेव्हा तांडेल आणि मी सोडून कातळावर अकरा माणसे होती. अकरा फोन एका मागोमाग वाजले आणि मग इतकी शांतता पसरली की खाली खाडीत कोणी वल्हे मारलेले ऐकू आले. वाचता न येणाऱ्या तांडेलांना कोणीतरी सारांश सांगितला. ते विडी विझवून उठले.

“पोस्तमास्तरानू, साहेब इलो की नाय?”

“आले. पण १८९८ साली.”

“इलो ना? मग झाला.”

मी तारखांचा फरक पुन्हा समजावू लागलो, तेव्हा त्यांनी मला थांबवले. १७५६ साली आंग्र्यांचा विजयदुर्ग पडला तो पेशव्यांनी इंग्रजांना हात दिला म्हणून, हा इतिहास आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. “तेव्हा किल्लो आपल्याच माणसांनी घालवलो,” तांडेल म्हणाले, “आता हेलियम तुमी घालवा.” दहा जणांनी माना डोलावल्या. अकरावा माणूस पुतण्या होता, आणि तो माझ्या मजकुराला अंगठा देऊन लगेच तो काढून घेताना मी पाहिला.

पुढचे काही दिवस मी कातळावर गेलो की माणसे जागा देत, पण बोलत नसत. हे दुःख मोठे नव्हते. ‘जेवलो’ हा शब्द प्रथमच दोन मिनिटांत मुंबईला जाऊ लागला होता. वहिनींनी मला कोकम उधार देणे बंद केले, एवढीच झळ लागली.

नवरात्रात एका संध्याकाळी त्याच वहिनी आपण होऊन माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी आपला फोन माझ्यापुढे धरला. “भावोजीनू, ह्यां वाचा. तुमी पोस्तात होतात, तरी तुमका ह्यां ठाऊक नाय.” मजकुरावर ‘अनेक वेळा पुढे पाठवलेला’ अशी खूण होती, आणि तो त्यांना बडोद्याच्या भाच्याकडून आला होता. कोकणातील एका निवृत्त पोस्टमास्तरांनी जुन्या टपालाच्या आधारे सिद्ध केले आहे, असे त्यात म्हटले होते, की लॉक्यर साहेब १८६८ पासून १८९८ पर्यंत तीस वर्षे विजयदुर्गाच्या ओट्यावर सूर्याकडे बघत बसून होते, आणि त्यांनी सापडलेला हेलियम येथूनच पोस्टाने पॅरिसला पाठवला. नासा तेवढी नव्हती. तिच्या जागी मी होतो.

मी चष्मा सारखा केला, माझा फोन काढला आणि ‘आदरणीय वहिनी, वरील मजकुरात तीन चुका आहेत’ असे टंकायला घेतले. वहिनी तोच मजकूर बोटाने माहेरच्या ग्रुपकडे लोटत होत्या.

“जरा बाजूक सरा,” त्या म्हणाल्या, “माझो मेसेज जायना.”

मी सरलो.